अक्रोडाची फळी आणि कोकणातला पावसाळा

काश्मिरी अक्रोडाच्या टीपॉयची वरची फळी आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी दुसऱ्याच पावसाळ्यात परातीसारखी खोलगट झाली आणि कडेचे दोन स्क्रू त्या ताणाने उपसले. प्रथम मी लाकडालाच दोष दिला, पण तो अन्याय होता. अक्रोड धक्का सोसणारा आणि पटाशीला सहज वश होणारा असतो, म्हणूनच कोरीवकामात आणि बंदुकीच्या दस्त्यात त्याला मान आहे.

फळी उलटी केल्यावर कारण दिसले. वरच्या बाजूला पॉलिशचे जाड थर होते, खालची बाजू मात्र कोरी राहिल्याने दमट हवा तिथूनच आत शिरत होती. शिवाय लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही, आणि स्क्रूंनी ती हालचाल पुरती जखडली होती. (शेजारच्या सुतारांनी ताबडतोब रंधा मारायला सांगितले, ऐकले असते तर उन्हाळ्यात फळी उलट बाजूने वाकली असती.)

दिवाळीनंतर फळी सोडवून, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी पट्ट्यांवर ठेवली, तेव्हा महिनाभरात ती बरीचशी सपाट झाली. मग चौकटीतली स्क्रूची भोके रेषांच्या आडव्या दिशेने लांबट केली, वॉशर घातले आणि दोन्ही बाजूंना जवसाच्या तेलाचे सारखेच हात दिले. टीपॉय खिडकीपासूनही हलवला, कारण इतर बरीच लाकडे उन्हाने काळवंडतात, अक्रोड मात्र फिका पडतो. यंदाच्या श्रावणात फळी किंचित रुंदावली, पण वाकली नाही.