बेसबॉलमधला 'कन्सिस्टंट' प्लेयर शोधताना : स्टॅट्सला नवीन आलेल्यांसाठी

स्टॅट्सला नवीन आलेले ज्युनियर्स दरवर्षी विचारतात, ताई प्रोजेक्ट काय घेऊ, आणि निम्म्यांना क्रिकेटच हवं असतं. घ्या की, कोण नाही म्हणतंय. पण मी पुण्यात एमएस्सी करताना बेसबॉल घेतलेलं आणि आज परत निवडायचं झालं तरी तेच घेईन, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारण सरळ आहे, डेटा. एमएलबीत (अमेरिकेतली मुख्य बेसबॉल लीग) 30 टीम, प्रत्येकीच्या सीझनला 162 मॅच, म्हणजे मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत जवळपास रोज मॅच. "हा माणूस रोजच्या रोज किती सारखा खेळतो" हे विचारायला क्रिकेटमध्ये एवढं काही मिळतच नाही, टेस्टमधला बॅट्समन वर्षात वीस-पंचवीस इनिंग खेळला तरी खूप झालं. शिवाय न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची मॅच सीझनमध्ये आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होते, पर्वती चढून-उतरून घरी येऊन चहा होईपर्यंत स्कोअर हजर.

नियम येत नाहीत म्हणून अडून बसू नका. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेलं कोणी ना कोणी ओळखीत असतंच, त्याला पकडा. सुरुवातीला एट-बॅट (बॅटरची बॅटिंगची एक पाळी), हिट (बॉल मारून बेसवर, म्हणजे मैदानातल्या टप्प्यावर, सुखरूप पोचणं) आणि वॉक एवढं कळलं तरी पुरतं. पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) चार बॉल बाहेर टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, तो वॉक, आणि तो एट-बॅटमध्ये धरत नाहीत (हे पुढे लागणार आहे). हिट भागिले एट-बॅट म्हणजे ॲव्हरेज. .300 वाला चांगला, .250 वाला ठीकठाक.

आता ते अकरावीचं गणित आठवा. दोन बॅट्समनचे स्कोअर दिलेत, जास्त कन्सिस्टंट कोण? स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले मीन म्हणजे सीव्ही (कोएफिशंट ऑफ व्हेरिएशन), ज्याचा सीव्ही कमी तो कन्सिस्टंट, मार्क खिशात. हेच बेसबॉलला लावलं की गंडतं, आणि का गंडतं हे कळणं म्हणजेच हा अख्खा प्रोजेक्ट आहे असं माझं मत. समजा दोन प्लेयर आहेत, दोघंही मॅचला बरोब्बर चार एट-बॅट घेतात आणि दोघंही निव्वळ नाणं उडवल्यासारखे खेळतात, फॉर्म नाही, टेन्शन नाही, काही नाही, फक्त एकाचं नाणं .300 चं आणि दुसऱ्याचं .250 चं. बायनॉमियल लावा, पहिल्याचा सीव्ही येतो साधारण 76 टक्के आणि दुसऱ्याचा 87. म्हणजे सातत्य नावाची गोष्ट दोघांतही नाही, तरी चांगला प्लेयर आपोआप कन्सिस्टंट दिसतो. सीव्ही नुसता ॲव्हरेजच परत सांगतोय, वेगळं नाव लावून.

त्या .300 वाल्याचा सीझन बघा. 162 मॅचपैकी साधारण 39 मॅचमध्ये शून्य हिट, 67 मध्ये एक, 43 मध्ये दोन, 12 मध्ये तीन आणि एखाददुसऱ्या मॅचमध्ये चारही. आठवड्यातून एक-दोनदा हा माणूस हात हलवत परत येणार आणि टीव्हीवाले म्हणणार फॉर्म गेला. काही गेलेलं नसतं हो.

मग मोजायचं कसं? नशिबाने जेवढा चढउतार व्हायलाच हवा तेवढा आधी काढायचा, मग खरा झालेला चढउतार त्याच्याशी ताडून बघायचा. प्रत्येक मॅचचे एट-बॅट वेगळे असतात, कधी पाच, कधी बदली म्हणून आला तर एकच, त्यामुळे दर मॅचला n गुणिले p गुणिले (1 वजा p) काढून बेरीज करा (n म्हणजे त्या मॅचचे एट-बॅट, p म्हणजे प्लेयरचं ॲव्हरेज). आणि प्रत्यक्ष हिट वजा अपेक्षित हिट (n गुणिले p), त्याचा वर्ग, त्याचीही बेरीज. दुसरी भागिले पहिली. एकच्या आसपास आलं तर प्लेयर नाण्यासारखा, बरंच वर गेलं तर लहरी, बरंच खाली तर खरा कन्सिस्टंट. आणि 150 मॅचच्या सीझनला 0.8 ते 1.2 मधलं काहीही नुसत्या योगायोगाने येऊ शकतं, त्यामुळे 0.93 आलं म्हणून नाचू नका. शंभर प्लेयर तपासले तर पाचेक जण काहीही कारण नसताना या पट्ट्याबाहेर जाणारच. खरी परीक्षा म्हणजे तोच प्लेयर पुढच्या सीझनला परत खाली येतो का. माझ्या डेटात तरी नव्हते येत, आणि "काही सापडलं नाही" हा निकाल मी तसाच लिहिला. गाईड खूश होतात उलट.

कोड येत नसेल तर एक्सेलमध्ये बायनॉम डॉट इन्व्ह या फंक्शनला दर मॅचच्या ओळीत एट-बॅट, ॲव्हरेज आणि रँड द्या, एफ नाइन दाबत राहा, दरवेळी त्याच प्लेयरचा नवा खोटा सीझन तयार होतो. पंधरा मिनिटं हे केलंत की स्ट्रीक (सलग चांगले दिवस), स्लंप (सलग वाईट दिवस) या शब्दांवरचा विश्वास बराच उडतो.

मॅचवार डेटा रेट्रोशीट या वेबसाइटवर फुकट आहे, फक्त वापरताना त्यांचं नाव द्यावं लागतं. लाहमन डेटाबेस प्रसिद्ध आहे पण त्यात सीझनच्या बेरजा आहेत, रोजचं काही नाही, त्यामुळे आपल्या कामाचा नाही. पायथनवाल्यांनी पायबेसबॉल ही लायब्ररी बघा.

एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतेच. 1941 साली जो डिमॅजिओने सलग 56 मॅचमध्ये हिट मारली, तो रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. त्याच वर्षी टेड विल्यम्सचं ॲव्हरेज .406 होतं, डिमॅजिओचं .357. मग सलग हिट्सचा पराक्रम विल्यम्सच्या नावावर का नाही? नशीब तर आहेच, पण वॉक बघा. विल्यम्सला पिचर घाबरून वॉक द्यायचे, म्हणून 143 मॅचमध्ये त्याचे एट-बॅट फक्त 456, डिमॅजिओचे 139 मॅचमध्ये 541. सरासरी धरून ढोबळ हिशोब केला तर मॅच कोरडी जायची शक्यता विल्यम्सची 19 टक्के, डिमॅजिओची 18! म्हणजे "रोज हिट" हे माप लावलं की जास्त चांगला बॅटर किंचित कमी कन्सिस्टंट ठरतो, कारण तो वाईट बॉल सोडतो. म्हणून हिट्सऐवजी किती वेळा बेसवर पोचला ते घ्या, निदान दोन्ही करून बघा.

पिचरच्या वाटेला पहिल्या प्रोजेक्टमध्ये जाऊ नका. स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, पाच-सहा दिवसांनी एकदा खेळतो, सीझनला तीसेक मॅच, त्यात काय डोंबल कळणार.

नोकरीचं म्हणाल तर यातून कोणी अमेरिकेतल्या टीममध्ये जाईल असं नाही सांगत, पुण्यात कामं बँका, इन्शुरन्स आणि आयटीतलीच. पण तिथेही "या ब्रँचला कधी दोन क्लेम येतात कधी अकरा, काहीतरी गडबड आहे" असं कोणीतरी म्हणतंच, आणि तो चढउतार नशिबाचा की खरा हे बघायची रीत हीच, फक्त बायनॉमियलऐवजी पॉयसाँ. इंटरव्ह्यूला हमखास विचारतात की एट-बॅट स्वतंत्र कसे काय धरले, एका मॅचमध्ये समोर बहुतेक वेळ तोच पिचर असतो ना. बरोबर आहे, त्यामुळे गुणोत्तर एकच्या किंचित वर जायला हवं, आणि लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये पिचर आणि मैदान टाकून p दर मॅचला बदलू दिला की ते सुटतं. हे उत्तर तयार ठेवा, आणि जमलं तर प्रोजेक्टमध्येच करून टाका.