दोनपात्री नाटकातल्या दोन आठवणी

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तिथे नवख्या नटाला सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. तरीही एकच भूतकाळ दोघे वेगवेगळा सांगतात अशा दोनपात्री नाटकातला मोठा धोका फारसे कोणी सांगत नाही. माझ्या मनात मात्र त्याचा धसका अजून आहे.

अशा संहितेत तीच आठवण पुन्हा येते आणि एखादाच तपशील बदलतो. समजा, पहिल्या अंकात तो म्हणतो की हरिपूरच्या संगमावर त्या दिवशी पाऊस होता, दुसऱ्या अंकात म्हणतो की ऊन होते, आणि दोन्ही वेळा तिचे उत्तर ‘मला तसे आठवत नाही’ असेच असते. या उत्तरावर पहिल्या अंकात चुकून दुसऱ्या अंकातले वाक्य गेले, तर मधला सगळा भाग गळतो. प्रेक्षकांना ती पात्राचीच विस्मृती वाटते, विंगेतून वाक्ये सुचवणारा प्रॉम्प्टर पाने चाळत राहतो आणि सहकलाकार एकटा पडतो. म्हणून नक्कल, म्हणजे आपल्या वाक्यांची प्रत, स्वतःच्या हाताने उतरवावी, सारख्या जागा शेजारीशेजारी लिहाव्यात, प्रत्येक जागेला वेगळी हालचाल ठरवून घ्यावी आणि तालमीत त्या लागोपाठ म्हणाव्यात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण ऐकून पाठांतर करण्याची पळवाट मला मुळीच मान्य नाही. त्याने वाक्यांना एकच चाल लागते आणि घसरण आणखी सोपी होते.

आठवण दर वेळी नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडले होते. पात्र खोटे बोलत नसते. त्याला स्वतःची खात्री असते. त्यामुळे शून्यात पाहत संभ्रम दाखवू नये. ‘खरे काय घडले’ ते दिग्दर्शकाने सांगून टाकावे, असे काही ज्येष्ठ म्हणतात. माझ्या मते दोघांनी ते आपापले ठरवावे आणि एकमेकांना सांगू नये.

एखादा शब्द इकडेतिकडे झाला तर घाबरण्याचे कारण नाही, अशा नाटकात तो सहज पचतो. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला मात्र सारख्या जागांवर खुणा केलेली संहिता आधीच द्यावी, कारण तोही त्याच वाक्यावर दिवे बदलत असतो.