टॅटू गोंदवताना, जपताना आणि मिटवताना या चुका टाळा

जत्रेत गोंदणाऱ्याकडून हातावर नाव लिहून घेणारी तरुण मुले आजही सर्रास दिसतात. तिथे अनेकदा एकाच सुईने आणि एकाच वाटीतल्या शाईने पाठोपाठ कित्येकांचे हात गोंदले जातात व मध्ये सुई फार तर कापसाने पुसली जाते. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरू शकतो, त्यामुळे अशा पुसण्याला काहीही अर्थ नाही. या आजारावर निदान लस आहे. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीवर तीही नाही. म्हणून स्वस्तात होते एवढ्यासाठी असा टॅटू कधीही काढून घेऊ नये.

स्टुडिओ वातानुकूलित आणि चकचकीत आहे म्हणून निर्धास्त होणे हीही चूकच आहे. सुईचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, त्यावरची मुदत संपलेली नाही ना, शाई छोट्या टोपणात वेगळी काढून उरलेली फेकून दिली जाते का आणि केस काढण्यासाठी नवे ब्लेड वापरले जाते का, हे स्वतः पाहावे. काम चालू असताना कलाकाराने मोबाईल उचलला आणि त्याच हातमोज्यांनी पुन्हा सुई धरली, तर त्याला तिथेच थांबवावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. शाई नळाच्या पाण्याने पातळ करू देऊ नये. अमेरिकेतील रोचेस्टर येथे २०११ मध्ये दूषित राखाडी शाईमुळे अनेकांच्या टॅटूवर मायकोबॅक्टेरियम जातीच्या जंतूंचा संसर्ग झाला होता. अशा संसर्गात काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी नेमक्या शाईच्या जागी लाल पुरळ उठते आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी ते बरे होत नाही.

ज्यांच्या जखमेचे व्रण फुगून वाढतात, त्यांनी छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग टाळावा. अशा व्यक्तीने आधी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेतलेला बरा.

टॅटू म्हणजे ताजी जखम आहे, हे घरी आल्यावर विसरले जाते. हळद, टाल्कम पावडर किंवा टूथपेस्ट त्यावर लावू नये. त्याहूनही वाईट म्हणजे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले, स्टेरॉइड मिसळलेले खाजेचे मलम. त्याने खाज थांबते खरी, पण जखम भरण्यास उशीर होतो आणि संसर्ग झाकला जातो. हात धुऊन, सौम्य साबणाने व कोमट पाण्याने जागा स्वच्छ करावी, टिपून कोरडी करावी आणि साध्या मलमाचा अगदी पातळ थर द्यावा. खपली सोलू नये. तिच्याबरोबर शाईही निघते. जखम भरेपर्यंत, म्हणजे साधारण २ ते ४ आठवडे, पोहणे टाळावे. पहिले दोन-तीन दिवस लाली आणि थोडी सूज राहणे स्वाभाविक आहे; पण लाली पसरत गेली, पू आला, ताप भरला किंवा लाल रेघा वर चढू लागल्या, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

सर्वाधिक नुकसान मात्र मिटवताना होते, आणि ते बहुधा भरतीच्या तोंडावर होते. सैन्यभरतीत कायमस्वरूपी टॅटू सर्वसाधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या मागील बाजूस चालतो (आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे). त्यामुळे जाहिरातीतील अटी नीट वाचण्याआधीच चुना, ॲसिड किंवा ऑनलाइन मागवलेले क्रीम लावून हात भाजून घेणे हा अत्यंत दुर्दैवी प्रकार आहे. शाई त्वचेच्या आतल्या थरात असते. क्रीम तिथवर पोहोचायचे तर वरची कातडी जाळल्याशिवाय पोहोचत नाही. नाव तसेच राहते आणि त्याभोवती डाग उरतो.

लेझर हा खात्रीचा मार्ग आहे, पण तो सावकाश चालतो. लेझरने शाईचे कण फुटतात आणि शरीरातील पेशी ते हळूहळू वाहून नेतात. म्हणूनच दोन बैठकांमध्ये साधारण ६ ते ८ आठवड्यांचे अंतर ठेवतात आणि अनेक बैठका लागतात. लवकर व्हावे म्हणून अंतर कमी करायला सांगणे किंवा तीव्रता वाढवायला लावणे म्हणजे व्रण ओढवून घेणे होय. आपल्या सावळ्या त्वचेवर पांढरे किंवा काळे डाग पडण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे ब्यूटी पार्लरऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे आणि काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर किरण वापरणार का, हे विचारावे. हिरवा आणि निळा रंग चिवट असतो. भुवया किंवा ओठ गोंदवून घेतलेल्यांनी तर विशेष सावध राहावे, कारण त्या शाईत लोह किंवा टायटॅनियमचे ऑक्साइड असल्यास लेझर पडताच रंग उडण्याऐवजी काळा पडू शकतो. तेव्हा आधी कोपऱ्यातल्या ठिपक्याएवढ्या जागेवर चाचणी करून घ्यावी आणि तिचा परिणाम पाहूनच पुढची बैठक ठरवावी.