गळक्या टोपल्याला मेथी-कागदाचा लेप

आमच्या घरी बांबूचं एक टोपलं आहे, आजेसासूच्या काळातलं. मागच्या वर्षी तळाच्या कामट्या सैल झाल्या आणि जवस, तीळ फटींतून सांडू लागले. पण ते फेकवेना.

श्रावणातच घाईने कागदाचा लेप दिला. ऊन नाही, लेपाला बुरशी धरली. सगळं खरवडून काढलं आणि वैशाखाची वाट पाहिली.

या वेळी सासूबाई जवळ बसल्या. रद्दी आणि जुन्या वह्या फाडून दोन दिवस भिजवल्या, रोज पाणी बदललं. चकचकीत कागद घेऊ नका, तो नीट भिजत नाही. मूठभर मेथी रात्रभर भिजवून पाट्यावर वाटली. तिचा चिकटपणाच इथे डिंकाचं काम करतो, आणि कडवटपणामुळे कीडही लवकर लागत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. लगदा वाटून त्यात मेथी मळली.

"पाणी पिळून काढ वं माय, ओला लगदा घसरते," त्या म्हणाल्या.

मग बोटाने फटी भरत बाहेरून पातळ थर दिला. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. एकदम जाड लेप तडकतो. आतल्या बाजूला मात्र फक्त कोऱ्या कागदाचा लगदा वापरला, छपाईची शाई खाण्याच्या धान्याला लागायला नको.

विदर्भातलं ऊन, चार दिवसांत टोपलं खडखडीत वाळलं. काल त्यात पायलीभर जवस भरलं, एक दाणा खाली पडला नाही. आता सूप दुरुस्तीला घेतलं आहे.