जुन्या पिकअपचा मूळ पत्रा ओळखताना या चुका टाळा

‘पत्रा सगळा कंपनीचा हाय, हात लावून बघा की.’ जुनी पिकअप विकणारा हे म्हणतो तेव्हा तो खोटंच बोलत असतो असं नाही. बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या या अमेरिकन गाड्या आपल्याकडे कोल्हापुरात गुऱ्हाळावर आणि मार्केट यार्डात राबल्या, आणि मोडल्या तेव्हा उद्यमनगरात दुरुस्त झाल्या. तिथले जुने मिस्त्री सपाट पत्र्यातून आख्खं मडगार्ड हातानं घडवायचे. त्यामुळे कोल्हापुरातल्या गाडीचा पत्रा पारखणं जरा जास्तच अवघड.

कारखान्यानं काय दिलं होतं, हेच न विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. परदेशी पुस्तकातला फोटो समोर ठेवून लोक हौद्यापासून, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागापासून, तपासणी सुरू करतात आणि फोटोशी जुळत नाही म्हणून गाडी नाकारतात. पण त्या काळी भारतात कितीतरी मालवाहू गाड्या नुसती चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि पुढचं तोंड एवढ्याच स्वरूपात विकल्या जात. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत होता. डॉज आणि फार्गो कुर्ल्याला प्रीमियरकडे जोडल्या जात. तिथून निघालेल्या चेसीवर हौदा, कधी केबिनसुद्धा, गावातला बॉडी बिल्डर चढवायचा. अशा गाडीत कारखान्याचा पत्रा म्हणजे बॉनेट, पुढची मडगार्डं, जाळी आणि काऊल, म्हणजे पुढच्या काचेखालचा पत्रा. हौद्याला सागवानी फळ्या आणि अँगल असतील तर ती लबाडी नव्हे, गाडीचा जन्मच तसा. माझ्या मते असा जुना देशी हौदा काढून बाहेरून मागवलेला नवा चढवणं म्हणजे गाडीचा इतिहास पुसणं.

चुंबकावर विसंबणं

चुंबक चिकटलं की ‘ओरिजिनल’ म्हणणारे खूप भेटतात. चुंबकाला एवढंच कळतं की रंगाखाली जवळच लोखंड आहे. ते लोखंड डेट्रॉईटचं की उद्यमनगरातलं, हे त्याला कसं कळणार? आजकाल मिळणारं नक्कल मडगार्डही लोखंडाचंच असतं. चुंबक सुटलं तर बहुतेक वेळा खाली लांबी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पुट्टी, किंवा फायबर असतं. इथेही एक मेख आहे. त्या काळी अनेक केबिनींच्या सांध्यांवर कारखान्यातच शिसं भरून घासत असत, आणि शिशालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे ज्याला तुम्ही दुरुस्ती समजाल ते नेमकं कारखान्याचं काम असू शकतं. अशा जागी ग्राइंडर लावू नका. शिशाची धूळ श्वासावाटे अंगात गेली तर विषारी असते.

रंगाची जाडी मोजणारं मीटर मिळालं तर बरं. एक-दोन थरांचा रंग साधारण १०० ते २०० मायक्रॉन भरतो. आकडा हजाराच्या पुढे गेला की तिथे मिलिमीटरभर काहीतरी भरलंय.

पत्र्याचं तोंड पाहून निकाल देणं

बाहेरची बाजू पेंटर सजवतो. आतल्या बाजूकडे सहसा कुणी ढुंकून पाहत नाही. म्हणून बॅटरी घ्या आणि मडगार्डाखाली आडवे व्हा. जिथे दोन पत्रे एकावर एक आलेत त्या कडेवर बोट फिरवा. कारखान्याचे स्पॉट वेल्डिंगचे (यंत्रानं दाबून केलेल्या जोडाचे) ठिपके हरभऱ्याच्या डाळीएवढे, किंचित खोलगट, आणि बऱ्यापैकी सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमध्ये भोक पाडून भरलेला टाका वर फुगीर राहतो, नाहीतर ग्राइंडरनं सपाट केलेला दिसतो, आणि आसपासचा पत्रा उष्णतेनं थोडा ओढला गेलेला असतो.

आता गोलाईची पाठ बघा. साच्यात दाबलेल्या पत्र्याची गोलाई सलग असते; कडेची घडी टोकापासून टोकापर्यंत एकाच मापाची. हातानं घडवलेल्या पत्र्यावर हातोडीचे पुसट चट्टे राहतात. कागदाचा फर्मा कापून डाव्या मडगार्डावरून उजव्यावर उलटा लावून पाहा, फरक लगेच दिसेल.

जाडी मोजायची तर झाकलेल्या, न गंजलेल्या कडेवर, रंग वजा करून. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी, २० गेज म्हणजे ०.९ मिमी. चारही मडगार्डांत एकच पातळ निघालं तर त्याची चौकशी करा.

कंपनीचा म्हणजे याच गाडीचा, असं धरून चालणं

पत्रा अस्सल असूनही दुसऱ्या गाडीचा असू शकतो. शेवरोलेच्या १९४७ नंतरच्या पिकअपला दारात छोटी तिकोनी काच १९५१ ला आली, आणि दोन भागांची पुढची काच १९५४ ला एकसंध झाली. कागदावर १९४९ आणि दारात तिकोनी काच असेल तर दार नंतरचं, कितीही अस्सल असलं तरी. विलीज पिकअपचं सपाट तोंड १९५० मध्ये टोकदार झालं, तेही लक्षात ठेवा. हौद्याच्या मागच्या फाळक्यावरच्या उठावदार नावावर फार भाळू नका. नावासकट नवे फाळके सर्रास मिळतात.

बोल्टही बोलतात. या अमेरिकन गाड्यांचे आटे इंची. अर्धा इंची पाना नीट बसतो तिथला बोल्ट जुन्या जातीचा; शेजारीच १३ मिमीचा पाना घट्ट बसत असेल तर तो बोल्ट नंतर आलाय, आणि कदाचित त्यानं धरलेला पत्राही. लांबवलेली, वेडीवाकडी छिद्रं म्हणजे भाग ओढूनताणून बसवलेला.

आपल्या गावापुरती आणखी एक खूण. पंचगंगेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ ला शहरात आला. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या दाराच्या तळाशी, चेसीच्या पोकळीत बारीक गाळ सुकून बसतो. एका दारात गाळ आणि दुसरं आतून स्वच्छ, असं दिसलं तर दुसरं पुरानंतर बदललं का, हे मालकाला विचारा.

रंग आधीच उतरवून टाकणं

घाईनं सँडब्लास्टिंगला (वाळूच्या झोतानं रंग उडवायला) दिलेली गाडी पुरावा गमावून परत येते, वर मोठे सपाट पत्रे लहरतात ते वेगळंच. आधी प्रत्येक भागावर, आडोशाच्या जागी, पाण्याच्या पेपरनं, म्हणजे ओल्या पॉलिश पेपरनं, अंगठ्याएवढी जागा हलकेच घासा. रंगाची वलयं दिसतील. सगळ्या भागांवर तळाला एकच प्रायमर आणि एका मडगार्डाखाली मात्र लष्करी हिरवा निघाला, तर ते मडगार्ड डिस्पोजलच्या, म्हणजे लष्करानं विकून टाकलेल्या, गाडीवरून आलं असण्याची शक्यता मोठी. डॅशबोर्डच्या मागचा आणि दाराच्या आतला रंग सहसा कुणी उतरवलेला नसतो. तुलना त्याच्याशी करा.

हे सगळं नुसत्या हौसेपुरतं नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्यावसायिक वापरात नसलेली, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणून पत्रा उघडण्याआधी प्रत्येक भागाच्या पाठीचे, टाक्यांचे आणि रंगाच्या वलयांचे फोटो पट्टी शेजारी धरून काढा, आणि उतरवलेला जुना पत्रा कितीही गंजका असला तरी नोंदणी होईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका.