वकिलांच्या बिलातील रकमेबद्दल शंका असल्यास
वकिलांचे बिल हाती आल्यावर ते प्रथम सुरुवातीला ठरलेल्या फीच्या कराराशी ताडून पाहावे आणि प्रत्येक कामाची तारीख, लागलेला वेळ, दर व ते काम नेमके कोणी केले याचा तपशील लेखी मागावा. ‘पत्रव्यवहार’ किंवा ‘चर्चा’ अशा मोघम शब्दांखाली अनेक कामे एकत्र करून एकच मोठा आकडा लावलेला असेल, तर त्याची फोड मागताना संकोच मुळीच बाळगू नये. बहुतेक गैरसमज, माझ्या मते, याच नोंदींत दडलेले असतात. झेरॉक्स व प्रवासखर्चाच्या पावत्याही पाहाव्यात. वाद नसलेली रक्कम वेळेवर चुकती करावी, मात्र उरलेल्या रकमेवरील आक्षेप कायम आहे असे सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे, कारण मुकाट्याने भरलेले बिल पुढे मान्य केल्यासारखे धरले जाऊ शकते.