"मिस्टर आलेत का?" : एकटीने आयव्हीएफला जाताना

मी ३८ वर्षांची, अविवाहित. मूल हवं म्हणून आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडायचा उपचार, करायला निघाले. पहिल्या क्लिनिकमध्ये काउंटरवरच्या मुलीने फॉर्म द्यायच्या आधीच विचारलं, "मिस्टर आलेत का?" मिस्टर नाहीतच म्हटल्यावर फॉर्म परत ड्रॉवरमध्ये गेला. "अनमॅरिडना चालत नाही, मॅडम." तिचं खरं मानून मी आठ महिने घरी बसले. या वयात आठ महिने म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

चालतं. २०२१चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा, २५ जानेवारी २०२२पासून लागू आहे. त्यातल्या 'स्त्री'च्या व्याख्येत लग्नाची अट नाही. २१ वर्षांच्या वरची, उपचारासाठी आलेली कोणीही बाई त्यात बसते. वरची मर्यादा मात्र कडक आहे: वय ५०च्या आत हवं. कलम २ची प्रिंट काढून पर्समध्ये ठेवा. मी ठेवली होती, दुसऱ्या ठिकाणी दाखवावीही लागली.

जाण्याआधी फोन करा. "एकट्या बाईचं करता का?" असं चाचरत विचारलंत की उत्तरही चाचरतच येतं. सरळ विचारा: "सिंगल वुमनसाठी डोनर स्पर्मची सायकल करता का? रजिस्ट्रेशन लेव्हल वन की लेव्हल टू?" सायकल म्हणजे उपचाराची एक फेरी. लेव्हल वनला फक्त आययूआय होतं, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडतात; आयव्हीएफसाठी लेव्हल टू लागतं. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. दिसलं नाही तर मागा, लाजू नका.

वयाचा पुरावा न्या. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रतही जवळ ठेवा. एएमएचची (अंडाशयात किती बीजं उरलीत याचा अंदाज देणारी) रक्ततपासणी पाळीच्या कुठल्याही दिवशी होते. बीजकोश मोजायची सोनोग्राफी सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात, त्या हिशेबाने तारीख घ्या.

ओळखीतल्या कुणाचं वीर्याचं सॅम्पल आणता येत नाही. (माझ्या मैत्रिणीने स्वतःच्या दिराचं नाव सुचवलं होतं, मनापासून!) ते नोंदणीकृत स्पर्म बँकेतूनच येतं, आणि एका डोनरचं सॅम्पल एकाहून जास्त कुटुंबांना देता येत नाही.

सगळ्यांनाच हे दार उघडं नाही. एकट्या पुरुषाला नाही. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना जोडपं म्हणून नाही, दोन बायकांनाही नाही. आणि सरोगसीचा कायदा वेगळा आहे, तिथे आपण अविवाहित बायका बसतच नाही. फक्त विधवा किंवा घटस्फोटिता, तीही ३५ ते ४५ वयाची. मला हे अन्यायाचं वाटतं, पण डॉक्टरांशी वाद घालून ते बदलणार नाही.

मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. पॉलिसीतल्या एक्स्क्लुजनमध्ये, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत त्या यादीत, १७ क्रमांकाच्या कोडखाली वंध्यत्व बघा, बहुतेक तिथे सापडेलच.

संमतीपत्र घरी नेऊन वाचा. भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घेता येते. भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं साठवता येतात. उरले तर त्यांचं काय करायचं, हे सही करायच्या आधी ठरवून जा. माझा तिथेच अर्धा तास गेला, समोर पेन उघडं. तक्रार असेल तर क्लिनिकचा स्वतःचा तक्रार कक्ष असावा लागतो. लेखी द्या, पोच घ्या.

आणि 'पतीचे नाव' हा रकाना कोरा सोडू नका, नाहीतर कोणीतरी वडिलांचं नाव भरून टाकतं. मी 'लागू नाही' लिहिलं. कंप्यूटर ते घेईना. शेवटी काउंटरवरच्या बाईंनी तिथे एक टिंब टाकलं आणि फाइल पुढे सरकली.